तिची आई किती दूध देत होती?

महाशिवरात्रीनंतरच्या आठवड्यात संगमनेर तालुक्यातील आमच्या गावातून आम्ही ३४ जण, त्यांत ९ बायका, एका बसने गुजरातमधील गोठे पाहण्यासाठी निघालो. सहलीची कल्पना गावच्या दूध संस्थेतील मंडळींची होती आणि खर्च प्रत्येकाने आपापला केला होता. प्रत्येकाच्या मनात कारण निराळे होते. तात्यांना म्हशी घ्यायच्या होत्या, दोघा तरुणांना गीर गाईंचा गोठा सुरू करायचा होता, माझ्या यजमानांना आणंदची अमूल डेअरी पाहायची होती. मला मात्र, आपल्या गोठ्यात दर दोन-तीन वर्षांनी लोणी गावच्या जनावरांच्या बाजारातून नवी गाय का आणावी लागते, या प्रश्नाने गेली काही वर्षे घेरलेले होते, आणि त्याचे उत्तर दुसरीकडे कोणी शोधले आहे का, हे पाहायचे होते.

त्या प्रश्नामागे एक घटना आहे. आमच्याकडे चंद्री नावाची संकरित एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय होती. भरात असताना ती दोन्ही वेळचे मिळून २६ लिटर दूध देत असे. २०१९ साली तिला झालेली कालवड आम्ही पाच महिन्यांची असताना ६,००० रुपयांना विकली, कारण चारा महाग झाला होता आणि दूध न देणारे जनावर पोसणे परवडत नाही, असे घरात सर्वांचेच मत पडले. माझेही मत तेच होते. चार वर्षांनी शेजारच्या गावात एका नातेवाइकाच्या गोठ्यात मी ती गाय ओळखली, तेव्हा ती दुसऱ्या वेतात २४ लिटरवर होती आणि तिच्या शेजारी तिची स्वतःची कालवड उभी होती. त्याच वर्षी आम्ही लोणीहून ९०,००० रुपयांना एक गाय आणली होती. तिची आई कोण, तिचा वळू कोणता, याची आम्हाला काहीच माहिती नव्हती.

नाशिक, वणी, सापुताऱ्याचा घाट, वाघई आणि चिखली या मार्गाने बस रात्रभर चालली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आणंदला पोहोचलो. डेअरीची यंत्रे, टाक्या आणि वेष्टन होणाऱ्या पिशव्या पाहताना पुरुषमंडळी रमली, परंतु मला खरी ओढ संध्याकाळच्या कार्यक्रमाची होती. जवळच्याच एका गावातील दूध मंडळीत, म्हणजे सहकारी दूध संस्थेत, आम्ही संकलनाच्या वेळी जाऊन उभे राहिलो. बायका स्टीलची भांडी घेऊन रांगेत येत होत्या. वजन, फॅट आणि रक्कम पडद्यावर उमटत होती. हे तर आता आमच्याकडेही होते. फरक दिसला तो सचिवांच्या टेबलाशी. एका बाईंनी आपल्या म्हशीला माज आल्याचे सांगितले, सचिवांनी कानातील पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक टाकला, आणि त्या म्हशीचे मागचे वेत कधी झाले, तिला कोणत्या वळूची रेतमात्रा दिली होती, तिची आई कोणती, हे सगळे समोर आले. कृत्रिम रेतन करणारा कर्मचारी त्या नोंदीवरूनच पुढची रेतमात्रा निवडणार होता. तोच पिवळा बिल्ला आमच्या गाईंच्या कानांतही आहे. आम्ही त्याला विम्याचा आणि लसीचा बिल्ला म्हणतो.

त्या बाईंनी मला घरी नेले. त्यांच्या गोठ्यात तीन म्हशी होत्या आणि दोन पारड्या. मी मोठ्या म्हशीचे कौतुक करून ती कोठून विकत घेतली असे विचारले, तेव्हा त्या क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, "विकत कशाला घेऊ, बेन? हिची आई सासूबाईंनी सांभाळलेली होती." मग मी माझ्या घरच्या गाईंबद्दल सांगू लागले आणि एक गाय २२ लिटर देते असे म्हणाले, तर त्यांनी लगेच विचारले, "एनी मा केटलुं दूध आपती'ती?" तिची आई किती दूध देत होती. मला उत्तर देता आले नाही, कारण ती बाजारातून आणलेली गाय होती.

रात्री मुक्कामी डेअरीच्या इतिहासावर बोलणे निघाले. खेडा जिल्ह्यातील उत्पादकांनी ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा येथे सभा घेऊन दूध न घालण्याचे ठरवले, पंधरा दिवस संप चालला, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने जिल्हा संघाची नोंदणी झाली. दोन गावांतील मंडळ्या आणि दिवसाला सुमारे २४७ लिटर दूध एवढ्यावर सुरुवात झाली, हे आम्ही सर्वांनी कधी ना कधी वाचलेले होते. परंतु आमच्यातले आबा, जे तरुणपणी मुंबईत जोगेश्वरीच्या एका तबेल्यात कामाला होते, त्यांनी त्या इतिहासाला एक वेगळी बाजू जोडली. मुंबईला दूध हवे असे, म्हणून गुजरातेतून आणि उत्तरेतून नुकत्याच व्यालेल्या उत्तम म्हशी मुंबईत आणल्या जात. पारडू जगवायचे तर त्याला दूध पाजावे लागते, आणि शहरात त्या दुधाला भाव असतो, म्हणून पारडी फार काळ जगत नसत. म्हैस आटली की तिला पुन्हा गाभण राहीपर्यंत पोसणे जागेच्या आणि चाऱ्याच्या दराने परवडत नसे, म्हणून तीही जात असे. अशा रीतीने गावातील चांगल्यात चांगली म्हैस एका वेतासाठी शहरात जाई आणि मागे वंश ठेवत नसे. आबा म्हणाले, "या लोकांनी म्हशीऐवजी दूध मुंबईला पाठवलं, म्हणून म्हैस घरी राहिली." मला वाटते, आणंदच्या कामगिरीविषयी जे बोलले जाते, त्यात हा मुद्दा फारच कमी वेळा येतो. दुधाला रोख आणि खात्रीचा भाव मिळाला हे खरेच, पण त्यामुळे म्हशीची रेडीही त्याच दावणीला वाढली आणि पुढच्या पिढीचे दूध त्याच घरात राहिले.

तिसऱ्या दिवशी तारापूर, बगोदरा, लिंबडी आणि चोटीला करत आम्ही सौराष्ट्रात शिरलो. गोंडल आणि जुनागढ या पट्ट्यात आम्ही तीन गोठे पाहिले आणि जुनागढच्या कृषी विद्यापीठाच्या पशुपैदास केंद्रात गीर गाई व जाफराबादी म्हशी पाहिल्या. जाफराबादी म्हैस समोरून पाहताना प्रथम तिचे कपाळच दिसते. ते इतके भरीव असते आणि जाड शिंगे मानेच्या दोन्ही बाजूंनी अशी खाली उतरलेली असतात की डोळे जवळजवळ झाकले जातात. गीर गाईचे वर्णन मी येथे लांबवत नाही, कारण ती आता आपल्या सर्वांच्या परिचयाची झाली आहे: घुमटासारखे कपाळ, गुंडाळलेल्या पानासारखे लांब कान, अर्धवट मिटलेले डोळे. तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या शंभराहून अधिक गाई एकाच वेळी चरून परत येताना मी प्रथमच पाहिल्या आणि आमच्या बसमधील सगळे बोलणे थांबले.

दोघा तरुणांचे डोळे साहजिकच चमकले. पुण्या-मुंबईत गीर गाईच्या दुधाला मिळणारा दर त्यांच्या मनात होता. ज्या गोपालकाकडे आम्ही सर्वाधिक वेळ थांबलो, त्यांनी त्यांना फार शांतपणे समजावले. सत्तरी ओलांडलेले ते काका म्हणाले की तुम्ही महाराष्ट्रातील लोक येता, सर्वांत देखणी गाय निवडता, लाखांत किंमत मोजता आणि सहा महिन्यांनी फोन करता की गाय दूध देत नाही. गीर गाय वासरू जवळ नसेल तर सहसा पान्हा सोडत नाही. एचएफ गाईप्रमाणे वासरू पहिल्याच दिवशी वेगळे करून तिला यंत्र लावले तर ती आटते. त्यांच्या गोठ्यात दोन सड वासराचे आणि दोन माणसाचे अशी रीत आहे, आणि कालवडीला तर पहिले तीन महिने त्याहून अधिक पाजले जाते. गीर कालवड पहिल्यांदा वितेपर्यंत साधारणतः साडेतीन वर्षे जातात. आमच्याकडील चांगल्या सांभाळलेल्या संकरित कालवडीला अडीच वर्षे पुरतात. हे सर्व गणित मांडून त्यांनी विचारले, "एवढी वर्षे थांबायची तयारी आहे का?" तरुणांपैकी एकाने प्रामाणिकपणे नाही म्हटले. मला त्याचे उत्तर आवडले.

येथेही मला तोच प्रश्न ऐकू आला. काकांकडे वही होती. प्रत्येक गाईच्या पानावर वरच्या ओळीत तिच्या आईचे नाव, दुसऱ्या ओळीत आजीचे. त्यांनी विकायला काढलेल्या गाई मी पाहिल्या आणि न विकायच्या गाईही पाहिल्या. न विकायच्या गाई दिसायला अधिक सुंदर नव्हत्या, परंतु त्यांच्या पानांवरच्या आयांचे आकडे मोठे होते. हीच गीर गाय विसाव्या शतकात ब्राझीलला गेली, तेथील पैदासकारांनी दूध मोजून, नोंदी ठेवून, मुलींच्या दुधावरून वळू पारखून तिला इतके पुढे नेले की आज आपल्याकडील लोक तिकडच्या रेतमात्रेची भाषा बोलतात. काकांना याचे दुःख होते. ते म्हणाले की गाय आमची, पण वही त्यांनी लिहिली.

मला तेथे उरुळीकांचनची आठवण झाली. महात्मा गांधींनी १९४६ साली ज्या मणिभाई देसाई यांना उरुळीकांचनला ठेवले, ते स्वतः सुरतकडचे गुजराती. त्यांनी तेथे गीर गाईंचा कळप उभा केला आणि १९६७ साली पशुधन विकासाचे काम करणाऱ्या बायफ या संस्थेची स्थापना केली. आमच्या जिल्ह्यातील राहुरीच्या विद्यापीठाने तयार केलेल्या फुले त्रिवेणी या संकरित गाईत निम्मा अंश होल्स्टिनचा, पाव जर्सीचा आणि पाव गीरचा आहे. म्हणजे सौराष्ट्रातील हे रक्त आमच्या गोठ्यांत पूर्वीच पोहोचलेले आहे, फक्त कोणत्या गाईत किती, हे लिहून ठेवण्याची काळजी आम्ही घरोघरी घेतली नाही.

राजकोट, मोरबी आणि सुरजबारीचा पूल मागे टाकून चौथ्या दिवशी रात्री आम्ही भुजला आलो, आणि पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला बस उत्तरेला बन्नीकडे निघाली. एवढ्या पहाटे निघण्याचे कारण आम्हाला आदल्या रात्री सांगितले होते, तरी ते प्रत्यक्ष पाहीपर्यंत खरे वाटत नव्हते. बन्नी हे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे सपाट, खारवट गवताळ रान आहे. तेथील मालधारींच्या, म्हणजे गुरे पाळणाऱ्या लोकांच्या, म्हशी संध्याकाळी धार काढून झाली की स्वतःहून चरायला निघतात, रात्रभर रानात हिंडतात आणि उजाडता उजाडता आपापल्या घरी परत येतात. दिवसा ऊन असह्य असते, रात्री गारवा असतो आणि गवतावर दव असते, म्हणून ही रीत पडली. आम्ही एका वस्तीच्या कडेला, 'भुंगा' म्हणतात त्या गोल झोपड्यांच्या मागे, थंडीत शाली गुंडाळून उभे होतो. प्रथम घंटांचा आवाज आला, नंतर धूळ दिसली, आणि त्या धुळीतून दुहेरी वळलेल्या शिंगांच्या काळ्या म्हशी रांगेने येताना दिसल्या. त्यांच्यामागे एकही माणूस नव्हता. वस्तीजवळ येताच रांग फुटली आणि प्रत्येक म्हैस आपल्या घराकडे वळली.

याचे कारण वाड्यात होते. रेड्या आणि लहान पारडी रात्री घरी ठेवलेली असतात. म्हैस परत येते ती पारडासाठी, असे तेथील मालधारीने आम्हाला सांगितले. त्यांच्या धर्मपत्नी म्हशीला नावाने हाक मारत होत्या आणि हाक मारलेलीच म्हैस पुढे येत होती. पारडू सोडले, ते चार धारा प्याले, पान्हा आला, मग बाजूला घेऊन त्यांनी धार काढली आणि शेवटी पुन्हा पारडू सोडले. तात्यांनी एका म्हशीकडे बोट दाखवून तिची किंमत विचारली. मालधारी हिंदीत म्हणाले, "किंमत नंतर बोलू. आधी तिची आई पाहा." ते आम्हाला वाड्याच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. तेथे एक म्हातारी म्हैस बसली होती. तिच्या पाच मुली त्याच वस्तीत होत्या. कोणती मुलगी कोणत्या रेड्यापासून झाली, तो रेडा कोणत्या वस्तीतून आणला होता, आणि त्या रेड्याची आई किती दूध देत असे, हे त्यांनी सलग सांगितले. त्यांच्या हातात वही नव्हती. त्यांना लिहिता येत नाही, असेही त्यांनीच सांगितले.

बन्नी म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि देशातील मान्यताप्राप्त म्हशींच्या जातींत ती अकरावी ठरली. ही मान्यता मिळाली तेव्हा ती जात नव्याने जन्माला आली नव्हती. अनेक पिढ्यांतील मालधारींनी निवडून, राखून ती घडवलेली होती. पूर्वी बन्नीत म्हशींपेक्षा कांकरेज गाई अधिक असत. १९६१ सालापासून वनखात्याने खारे रण पुढे सरकू नये म्हणून तेथे वेडी बाभूळ लावली, जिला कच्छमध्ये गांडो बावळ म्हणतात. ती इतकी माजली की गवत मागे हटले. तिच्या गोड शेंगा खाऊन गाई आजारी पडत आणि म्हशी तुलनेने तग धरत, म्हणून गाई घटल्या आणि म्हशी वाढल्या, असे तेथील वडीलधारे सांगतात. एक झाड लावल्याने एका मुलखाचे जनावर बदलते, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचले नव्हते. थोड्या कांकरेज गाई आम्ही परतीच्या वाटेवर पाहिल्या. त्यांची वीणेसारखी शिंगे आणि मान उंचावून चालण्याची ती प्रसिद्ध 'सवाई चाल' पाहण्यासाठी चालकाने आपणहून बस थांबवली.

दुपारी भिरंडियाऱ्याला आम्ही मावा खाल्ला. दूध गोळा करणारी वाहने बन्नीत नियमित येऊ लागण्यापूर्वी येथील दुधाचा मोठा भाग मावा करूनच विकावा लागे, आणि मावा आटवायला लाकूड व बायकांचे श्रम लागत. आता सहकारी संघाची शीतकरण केंद्रे आल्यापासून दुधाला थेट भाव मिळतो. म्हशींच्या किमती त्यानंतर पुष्कळ वाढल्या, असे मालधारी म्हणाले. ते आनंदाने सांगत होते, पण पुढच्याच वाक्यात त्यांनी काळजी बोलून दाखवली की किंमत वाढल्यामुळे तरुण मुले चांगल्या म्हशी बाहेरच्या व्यापाऱ्यांना देऊन टाकतात.

त्याच वस्तीत लम्पीचा विषय निघाला. २०२२ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कच्छमध्ये गाईंवर लम्पी त्वचारोगाचा जो घाला पडला, तो ऐकून ठाऊक होता. म्हशींना त्याची झळ फारशी बसली नाही, परंतु ज्यांच्या गाई होत्या त्यांची घरे रिकामी झाली. काही महिन्यांतच तो आमच्याकडे आला. आमच्या शेजारच्या जाऊबाईंच्या गोठ्यातील दोन कालवडी त्यात गेल्या. जाऊबाई आमच्याबरोबर सहलीला होत्या. त्या मालधारींच्या पत्नीला मराठी येत नव्हते आणि जाऊबाईंना हिंदी धड येत नव्हते, तरी दोघी बराच वेळ वाड्याच्या कुडाशी बसून त्याविषयी बोलत होत्या, आणि आम्ही कोणीही त्यांना उठवायला गेलो नाही.

मेहसाण्याला थांबून मेहसाणी म्हशी पाहण्याचे ठरले होते, पण वेळ पुरला नाही. परतीचा प्रवास दीड दिवसाचा होता. बसमध्ये खूप चर्चा झाली आणि ती बहुतेक वेळ कालवडींवरच होती, याचे मला समाधान वाटले. वासरू जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजायला सुरुवात करून पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेला पाहिजे, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. तरीही रात्री गाय व्याली तर सकाळी धारेच्या वेळी चीक पाजू, असे किती घरांत होते, हे बायकांनी एकमेकींना मोकळेपणाने सांगितले. जंत, मोकळी जागा, तीन महिन्यांनंतरची गोळी पेंड, वजन अडीचशे किलोच्या आसपास गेल्याशिवाय पहिले रेतन न करणे, या गोष्टींपैकी एकही खर्चिक नाही. खर्चिक आहे ती दोन-अडीच वर्षांची वाट, आणि त्या काळात दर महिन्याच्या हिशेबात ते जनावर फक्त खर्चाच्या बाजूला दिसते. आमची संस्था पशुखाद्याची उचल जशी दुधातून कापून घेते, तशी कालवडीच्या खाद्याची उचल ती व्यायल्यानंतरच्या दुधातून कापावी, अशी सूचना मी चिखलीच्या पुढे बसमध्येच मांडली. आमच्या संस्थेच्या सचिवांनी ती पुढच्या मासिक सभेत घेण्याचे कबूल केले आहे. प्रत्येक गाईच्या नोंदीत आईचा बिल्ला क्रमांक लिहिण्याचा रकाना वाढवण्याचे मात्र त्यांनी तेथेच मान्य केले.

तात्यांनी अखेर बन्नीच्या दोन म्हशींचा विसार दिला. त्यांपैकी एक त्या म्हातारीची मुलगी आहे. मालधारींनी अट घातली की दोन्ही म्हशी आपापल्या रेड्यांसह न्याव्यात, रेड्या मागे ठेवून केवळ दुधाची जनावरे नेऊ नयेत. तात्यांचे म्हणणे होते की गाडीत जागा कमी पडेल आणि भाडे वाढेल. शेवटी ते हो म्हणाले, परंतु नाइलाजाने म्हणाले, हे आम्हा सर्वांना दिसले. गाडी पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणार आहे. ती तात्यांच्या दारात उतरेल त्या दिवशी मी तेथे जाणार आहे, आणि म्हशींच्या आधी रेड्या मोजणार आहे.